दोन ग्राही, म्हणून दुप्पट वजनघट?

मौंजारो हे वजन उतरवणारं इंजेक्शन दोन ठिकाणी काम करतं, म्हणून ते वेगोव्ही या दुसऱ्या इंजेक्शनच्या दुप्पट वजन उतरवतं, असं तुमच्याही कानावर आलं असेल. त्यातला पहिला भाग खरा आहे. वेगोव्हीतलं सेमाग्लुटाइड जीएलपी-१ या एकाच संप्रेरकाच्या ग्राहीला (रिसेप्टरला) चेतवतं. मौंजारोतलं टिर्झेपेटाइड त्यासोबत जीआयपी या संप्रेरकाच्या ग्राहीलाही. ही दोन्ही संप्रेरकं जेवणानंतर आपल्या आतड्यातून स्रवतात. शरीरातलं जीएलपी-१ काही मिनिटांत निकामी होतं, या औषधांचा अंमल मात्र आठवडाभर टिकतो. भूक मंदावते, थोड्याशा खाण्याने पोट भरतं.

दुप्पट मात्र नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरमाउंट-५ चाचणीत मधुमेह नसलेल्या ७५१ लठ्ठ व्यक्तींना या दोहोंपैकी एक औषध ७२ आठवडे दिलं. टिर्झेपेटाइडने वजन सरासरी २०.२ टक्के घटलं, सेमाग्लुटाइडने १३.७ टक्के. फरक मोठाच आहे, पण त्याचं सगळं श्रेय 'दोन' या आकड्याला देता येत नाही. जीआयपीचा ग्राही चेतवण्याऐवजी अडवणारं आणि जीएलपी-१ चा चेतवणारं एक औषधही चाचण्यांत वजन उतरवतं. हे कोडं अजून सुटलेलं नाही. शिवाय एका ग्राहीचं औषध कालबाह्य झालेलं नाही. हृदयविकार असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ जणांच्या चाचणीत सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून २० टक्के कमी केले.

सुई थांबवली की दोन्हींत वजन परत चढतं. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आल्याचं दिसलं आहे.

आपल्याकडचा सर्वांत घातक समज मला वेगळाच वाटतो: काटा कमी दाखवतो, म्हणजे धोका नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं, अशी अंगकाठी आपल्याकडे घरोघरी दिसते. या औषधांनी चरबीबरोबर स्नायूही घटतात, म्हणून ज्याचे स्नायू मुळातच कमी त्याने डाळ, अंडी, दूध आणि व्यायाम यांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

'फक्त संशोधनासाठी' असं लिहून या औषधांच्या नावाखाली ऑनलाइन विकली जाणारी पेप्टाइडची कुपी म्हणजे स्वस्तातलं तेच औषध नव्हे. ती माणसांना टोचण्यासाठी मंजूर झालेली नसते. आत काय आणि किती आहे, याची हमी कुणी देत नाही. खरं औषधही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं. गर्भारपणात ते चालत नाही, स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं. आणि ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्यांचा डोस कमी करावा लागू शकतो, नाहीतर रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते.