पॉइंटला शंभर, म्हणजे स्वस्त की महाग?

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये मी लोकांची टॅक्स रिटर्न्स भरून देते. मार्च-एप्रिलच्या गर्दीत कागद लावून झाले की समोरचं जोडपं एकमेकांकडे बघतं आणि दोघांपैकी एक जण हळूच विचारतो, "ताई, डिस्नीचं टाइमशेअर सेकंडहँड घ्यावं का हो? पॉइंटला शंभर डॉलर म्हणताहेत." आता शंभर स्वस्त की महाग, हे त्या एका आकड्यावरून सांगताच येत नाही. बटाट्याचा भाव किलोवर कळतो, कारण किलो कुठेही किलोच असतो. डिस्नीचा पॉइंट तसा नाही. एका करारातला पॉइंट 2042 साली संपतो, दुसऱ्यातला 2054 ला, तिसऱ्यातला 2070 ला. जाहिरातीत मात्र तिघांचीही किंमत "पॉइंटला इतके" अशीच लिहिलेली असते.

आधी टाइमशेअर म्हणजे काय ते थोडक्यात. सुट्टीतलं घर पूर्ण विकत न घेता त्यात वाटा घ्यायचा. एकदा मोठी रक्कम भरायची आणि मग दरवर्षी मेंटेनन्स भरत राहायचं, तुम्ही गेलात तरी आणि नाही गेलात तरी. अमेरिकेतल्या बऱ्याच टाइमशेअरची गत अशी आहे, की हजारो डॉलरला घेतलेला आठवडा पुढे ईबेवर एका डॉलरलाही कोणी घेत नाही. कारण घेणाऱ्याच्या गळ्यात तो मेंटेनन्स पडतो. रिसेलच्या बाजारातलं हे पहिलं सत्य: विकणाऱ्याने किती मोजले होते, याचा आजच्या किमतीशी काडीचा संबंध नाही. "आम्हीच दोनशेला घेतलंय हो" हे वाक्य ऐकून मान डोलवावी आणि पुढे चालावं.

डिस्नी व्हेकेशन क्लब या बाबतीत जरा वेगळा, कारण त्याला रिसेलमध्ये खरोखर गिऱ्हाईक आहे. 1991 साली ऑरलँडोजवळ ओल्ड की वेस्टपासून तो सुरू झाला. ठरावीक आठवड्याऐवजी इथे दरवर्षी पॉइंट मिळतात आणि ते खर्चून खोली बुक करायची. स्टुडिओत आठवडा काढायला रिसॉर्ट आणि हंगाम पाहून शे-दीडशे पॉइंट लागतात. तुमचा करार ज्या रिसॉर्टचा, तिथे 11 महिने आधी बुकिंग उघडतं. बाकीच्या ठिकाणी 7 महिने आधी. ख्रिसमसच्या आठवड्यात या चार महिन्यांचं मोल काय, ते शाळेत जाणारी मुलं असलेल्या आईबापांना विचारा.

आणि हा करार म्हणजे नुसतं सभासदत्व नव्हे. रीतसर नोंदवलेला दस्त असतो, रिसॉर्टच्या अमुक युनिटमधला इतका टक्के अविभक्त हिस्सा, ठरावीक मुदतीपर्यंत. माझं माहेर वाशीचं. सिडकोच्या 60 वर्षांच्या भाडेपट्ट्यावरच्या जमिनी बघत वाढलेल्या माणसाला ही भानगड समजायला सोपी जाते. फरक एवढाच, की नवी मुंबईत मुदत पुढे वाढेल या भरवशावर घरं विकली जातात. इथे तो भरवसा धरू नये. बोर्डवॉक, बीच क्लब, बोल्डर रिज यांचे करार 31 जानेवारी 2042 ला संपतात. त्यानंतर मालकाच्या हातात काही उरत नाही. सॅराटोगा स्प्रिंग्ज 2054 पर्यंत, ॲनिमल किंगडम 2057 पर्यंत, पॉलिनेशियन 2066 पर्यंत. ओल्ड की वेस्टची तर गंमतच आहे. तिथल्या काही मालकांनी जादा पैसे भरून 2057 पर्यंत मुदत वाढवून घेतली, बाकीच्यांनी नाही. म्हणजे एकाच इमारतीतले दोन करार, आणि एकाचं आयुष्य दुसऱ्यापेक्षा 15 वर्षांनी जास्त. जाहिरातीवर विसंबू नका, दस्तातली तारीख वाचा.

टँपाला माझा भाचा राहतो. त्याने दोन जाहिराती पुढे केल्या. दोन्ही 150 पॉइंटच्या, दोन्हींत 2026 पासूनचे सगळे पॉइंट शिल्लक. बोर्डवॉक पॉइंटला 100 डॉलर, सॅराटोगा 105. "मावशी, बोर्डवॉक स्वस्त पडतंय ना?" मी म्हटलं, वही घे.

बोर्डवॉकचे 15,000 डॉलर. 2026 पासून 2041 पर्यंत 16 वर्षांचे पॉइंट, म्हणजे एकूण 2,400. भागाकार केला की प्रत्यक्ष वापरायच्या पॉइंटला 6.25 डॉलर. सॅराटोगाचे 15,750 डॉलर, 28 वर्षांचे 4,200 पॉइंट, म्हणजे 3.75. स्वस्त वाटणारा करार दीडपटीहून महाग निघाला. भाचा गप्प झाला, पण मी अजून थांबले नव्हते. हे पैसे आज रोख जाणार, आणि बँकेत ठेवले असते तर व्याज मिळालं असतं. वर्षाला 4 टक्के व्याज धरून तीच रक्कम दरवर्षीच्या हप्त्यात मांडली, तर बोर्डवॉकचे 6.25 वाढून 8.58 होतात आणि सॅराटोगाचे 3.75 वाढून 6.30. फरक कमी झाला, पण मिटला नाही. मुदत जितकी लांब, तितकं व्याजाचं ओझं जास्त, हे विकणारे कधी सांगत नाहीत. म्हणून 2070 पर्यंतचा करार आहे म्हणून हुरळून जायचं कारण नाही. तुमचं आजचं वय त्यात मिळवून बघा.

यात मेंटेनन्स मिळवायचा. सोयीसाठी दोन्हीकडे पॉइंटला 9 डॉलर धरले, तर एका पॉइंटचा वर्षाचा खरा खर्च अनुक्रमे साडेसतरा आणि सव्वापंधरा डॉलरच्या आसपास जातो. आता हा आकडा कशाशी ताडायचा? भाड्याशी. काहीही विकत न घेता दुसऱ्या मालकाचे पॉइंट भाड्याने घेऊन त्याच खोलीत राहता येतं, आणि त्याचा दर साधारण वीस डॉलरच्या घरात असतो. माझी कसोटी ही. कंपनीचा थेट विक्रीचा दर पॉइंटला दोनशेच्या वर आहे, पण तो बाजूला ठेवा. दोनशेच्या तुलनेत शंभर हा अर्धा भाव दिसतो आणि माणूस भुलतो. तुमचा खर्च भाड्याच्या दराला टेकत असेल, तर खुशाल भाड्याने जा, दस्त-बिस्त हवाय कशाला?

मेंटेनन्सला मी नऊच धरले, पण तो सगळीकडे सारखा नसतो आणि तो वाढतच जातो. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या व्हेरो बीचचे पॉइंट रिसेलमध्ये फार कमी भावात दिसतात, आणि नवखा माणूस तिथेच अडकतो. तिथला वर्षाचा मेंटेनन्स ऑरलँडोतल्या रिसॉर्टांपेक्षा बराच जास्त आहे. पॉइंटमागे 3 डॉलर जादा पडत असतील, तर 16 वर्षांत 48 डॉलर होतात. जाहिरातीतल्या भावात ते मनातल्या मनात मिळवायचे आणि मग तुलना करायची.

त्यानंतर करारात पॉइंट किती उरलेत ते. क्लबमध्ये प्रत्येक कराराचं स्वतःचं वर्ष असतं, कोणाचं फेब्रुवारीत सुरू होतं, कोणाचं जूनमध्ये, कोणाचं डिसेंबरमध्ये. न वापरलेले पॉइंट पुढच्या वर्षात टाकता येतात, पुढच्या वर्षाचे आधीच उचलताही येतात. त्यामुळे विकणाऱ्याने यंदाचे आणि पुढचेही पॉइंट उडवून मग करार बाजारात आणलेला असू शकतो. पूर्ण एक वर्षाचे पॉइंट गेलेले असतील तर मी असा हिशेब करते: भाड्याचे 20, त्यातून त्या वर्षाचा मेंटेनन्स विकणाऱ्यानेच भरला म्हणून 9 वजा, राहिले 11. तेवढी घट मागायची. उलट मागच्या वर्षाचे पॉइंटही साठवलेले असतील तर थोडं जास्त द्यायला हरकत नाही, पण ते कोणत्या तारखेला बाद होतात ते बघून. दोन महिन्यांत वापरायचे दीडशे पॉइंट घेऊन नोकरदार माणूस करणार काय?

लहान करारांत आणखी एक मेख. 50 पॉइंटच्या कराराला गिऱ्हाईक जास्त, म्हणून भावही चढा. शिवाय दस्त करून देण्याचा खर्च करार लहान म्हणून लहान होत नाही. तो 600 डॉलर आला तर 50 पॉइंटवर पॉइंटला 12 पडतात, 200 पॉइंटवर फक्त 3.

रिसेलवाल्याला कंपनी दुय्यम वागणूक देते, हेही किमतीत धरायचं. 2016 पासून त्याला सभासदांच्या बहुतेक जादा सवलती मिळत नाहीत. 19 जानेवारी 2019 नंतर रिसेलमध्ये घेतलेल्या जुन्या 14 रिसॉर्टांच्या पॉइंटांवर रिव्हिएरासारख्या नव्या ठिकाणी बुकिंग होत नाही. आणि रिव्हिएराचा करार रिसेलमध्ये घेतला तर त्याचे पॉइंट फक्त रिव्हिएरातच चालतात. ते रिसॉर्ट तुम्हाला आवडतं हे ठीक, पण उद्या तुम्ही विकायला निघाल तेव्हा पुढच्या गिऱ्हाइकालाही तेवढंच आवडलं पाहिजे.

आता खरा भाव कळणार कसा? जाहिरातीत दिसतो तो मागितलेला भाव, मिळालेला नव्हे. ब्रोकर लोक सौदे कितीला झाले ते सांगतात, पण मला कागद लागतो. आणि फ्लोरिडात तो कागद सरकार फुकट दाखवतं. ऑरलँडो ज्या ऑरेंज काउंटीत आहे तिथली दस्तनोंदणी कोणालाही बघता येते. दस्तावर किंमत दिसली नाही तरी मुद्रांक शुल्क दिसतं. फ्लोरिडात त्याचा दर, मायामी-डेड काउंटी सोडली तर, दर 100 डॉलरला 70 सेंट आहे. म्हणजे दस्तावर 105 डॉलर शुल्क दिसलं की सौदा 15,000 चा. आपल्याकडे रेडी रेकनरवरून शुल्क ठरतं, मी इथे शुल्कावरून भाव उलटा काढते. पॉइंट किती ते दस्तात लिहिलेलं नसतं, पण हिश्शाची टक्केवारी असते. त्याच युनिटमधल्या ज्या कराराचे पॉइंट माहीत आहेत त्याच्या टक्केवारीशी ताडलं की त्रैराशिक सुटतं. भाच्याला मी पाच-सहा दस्त काढून दाखवले तेव्हा तो म्हणाला, "मावशी, तू सीआयडीत हवी होतीस." कॅलिफोर्निया, हवाई किंवा साउथ कॅरोलिनातल्या रिसॉर्टांना ही युक्ती या दराने लागू पडत नाही, हे लक्षात असू द्या.

अगदी कमी भाव लावायलाही एक आडकाठी आहे. सौदा ठरला की तो कंपनीपुढे जातो आणि कंपनीला अग्रहक्क असतो. तुम्ही ठरवलेल्याच किमतीला आणि अटींना ती करार स्वतः घेऊ शकते. तुमचा इसार परत मिळतो, वेळ मात्र गेलेला असतो, साधारण महिनाभर. या धाकाने ब्रोकर सांगतात, "थोडं वाढवा, नाहीतर डिस्नी उचलेल." मी वाढवत नाही. सुटला तर सुटला, बाजारात दुसरा करार येतोच. माझ्या हिशेबात बसणाऱ्या भावाच्या वर केवळ भीतीपोटी पाच डॉलर दिले, तर 150 पॉइंटवर साडेसातशे झाले.

पुण्या-मुंबईचे नातेवाईक हे ऐकून विचारतात, मग आमच्या क्लबचं काय? भारतात बहुतेक ठिकाणी दस्त नसून सभासदत्व असतं, 25 वर्षांचं वगैरे, हंगामाच्या रंगांप्रमाणे. तिथे शुल्कावरून भाव काढायची सोय नाही. पण उरलेली वर्षं, दरवर्षीची फी आणि त्याच गावात त्याच आठवड्यात चांगल्या हॉटेलची खोली कितीला मिळते, एवढ्या तीन गोष्टींवर तोच हिशेब मांडता येतो. चौथी गोष्ट म्हणजे नाव बदलून द्यायचं शुल्क. ते विकणाऱ्याला नाही, कंपनीलाच लेखी विचारायचं, आणि तुम्हाला कोणत्या सुविधा मिळणार नाहीत तेही त्याच पत्रात.

भाच्याने शेवटी सॅराटोगाला 98 ची बोली लावली, 101 वर जमलं. आता कंपनीकडून एक पत्र येईल, त्यात विकणाऱ्याच्या नावावर कोणत्या वर्षाचे किती पॉइंट आहेत आणि मेंटेनन्स थकला आहे का, हे छापलेलं असतं. त्यातला आकडा जाहिरातीतल्या आकड्याशी जुळला नाही, तर भाव खाली आणून करारात दुरुस्ती करून घ्यायची आणि पैसे त्यानंतर पाठवायचे, असं त्याला सांगून ठेवलंय.