हलगीच्या जागी हॅशटॅग

कोल्हापुरात कुस्तीचा शौक असलेले घर शोधावे लागत नाही. एकाच घरात तीन पिढ्यांच्या तीन कुस्त्या चालू असतात. दादाजान खासबागेतल्या जुन्या लढतींच्या आठवणी काढतात. अब्बा एखाद्या गावच्या यात्रेतले मैदान मोबाइलवर थेट पाहतात. नातवाच्या डोक्यात मात्र रोमन रेन्स आणि जॉन सीना असतात. तिघांचे एकमेकांच्या कुस्तीविषयी मत फारसे चांगले नसते. पण अलीकडे तिघांच्या तोंडी एकच तक्रार ऐकू येते. कुस्ती ऐन रंगात आली की नेमके त्याच वेळी कोणीतरी मध्येच बोलते. हा हॅशटॅग वापरा, आमचे पेज फॉलो करा, चॅनल सबस्क्राईब करा, घंटीचे बटण दाबा. तेवढ्यात डाव होऊन गेलेला असतो.

तक्रार वरवर किरकोळ वाटते. पण शाळेत मुलांचे, तालमीजवळच्या कट्ट्यावर जाणत्यांचे आणि घरात बायकांचे बोलणे ऐकले, तेव्हा लक्षात आले की प्रश्न फक्त रसभंगाचा नाही. पडद्यावरची कुस्ती आणि हातातला मोबाइल एकत्र आले की पाहणारा नुसता प्रेक्षक राहत नाही. तो प्रचारकही होतो आणि कधीकधी न्यायाधीशही. म्हणून हा विषय घराघरांत बोलला जावा असे वाटते.

अमेरिकेची रीत

कार्यक्रम चालू असतानाच प्रेक्षकाला समाजमाध्यमावर ओढायची रीत मोठ्या प्रमाणावर रुजवली ती 'डब्ल्यूडब्ल्यूई'ने. आपल्याकडे हा खेळ नव्वदच्या दशकात केबलबरोबर आला. तेव्हाची मुले अंडरटेकरच्या चित्रांचे पत्ते गोळा करत. पुढे टेन स्पोर्ट्स, मग सोनी आणि एप्रिल २०२५ पासून नेटफ्लिक्स असा त्याचा प्रवास झाला. २००७ मध्ये हिमाचलचा दलीपसिंह राणा, म्हणजे 'द ग्रेट खली', तिथला जागतिक विजेता झाला आणि आपल्या गल्ल्यांत या खेळाचे वेड आणखी वाढले.

२०११-१२ च्या सुमारास या कार्यक्रमाचे रूप बदलले. पडद्याच्या कोपऱ्यात हॅशटॅग दिसू लागले. समालोचक लढतीचे वर्णन सोडून अमुक विषय ट्विटरवर जगभर गाजतो आहे, हे सांगू लागले. २३ जुलै २०१२ रोजी 'रॉ' या साप्ताहिक कार्यक्रमाचा हजारावा भाग झाला आणि त्या दिवसापासून दोन तासांचा कार्यक्रम तीन तासांचा झाला. वाढलेला वेळ भरून काढायला हा प्रचार कामी आला. त्याच वर्षी कंपनीने 'टाऊट' नावाच्या एका व्हिडिओ सेवेत पैसा गुंतवला. प्रेक्षकांनी पंधरा सेकंदांची चित्रफीत पाठवायची आणि ती कार्यक्रमात दाखवायची, अशी ती कल्पना. जुने शौकीन वैतागले. आम्ही कुस्ती पाहायला बसलो आहोत, अनोळखी माणसांच्या चित्रफिती पाहायला नाही, असा त्यांचा सूर होता. दोन-तीन वर्षांत 'टाऊट' विस्मृतीत गेले. हॅशटॅग मात्र टिकले. आज या कंपनीच्या यूट्यूब वाहिनीचे सदस्य दहा कोटींहून अधिक आहेत. त्यामुळे तिच्या दृष्टीने हा हिशेब चुकला असे म्हणता येणार नाही.

माझ्या वर्गातल्या मुलांना या सगळ्याचे फारसे काही वाटत नाही. त्यांनी हॅशटॅगशिवायचा कार्यक्रम पाहिलेलाच नाही. तरी एका मुलाने काढलेला मुद्दा विचार करण्यासारखा होता. तिथली कुस्ती आधीच ठरवलेली असते, त्यामुळे मध्ये कोणी बोलले तरी निकाल बदलत नाही. पण आपल्या कुस्तीत एक क्षण चुकला की सगळेच चुकते. मुलांना नाटक आणि खेळ यांतला फरक आपण समजतो त्यापेक्षा चांगला कळतो.

प्रेक्षकांनी उलटवलेला डाव

या प्रचाराची दुसरी बाजूही आहे. कंपनीने प्रेक्षकांच्या हातात जे हत्यार दिले, ते प्रेक्षकांनी कधीकधी कंपनीवरच उलटवले. २०११ मध्ये झॅक रायडर नावाच्या एका दुर्लक्षित मल्लाने यूट्यूबवर स्वतःचा छोटासा कार्यक्रम सुरू केला. लोकांनी तो इतका उचलून धरला की त्या वर्षीच्या डिसेंबरात त्याला युनायटेड स्टेट्स विजेतेपद मिळाले.

त्याहून मोठी गोष्ट फेब्रुवारी २०१५ ची. तीन तासांच्या कार्यक्रमात महिलांच्या लढतीला अर्धा मिनिटही मिळाले नाही. त्या रात्री प्रेक्षकांनी 'गिव्ह दिवाज अ चान्स', म्हणजे बायकांना संधी द्या, असा हॅशटॅग चालवला आणि तो बराच काळ गाजत राहिला. कंपनीला दखल घ्यावी लागली. महिलांच्या लढतींना जास्त वेळ मिळू लागला आणि २०१६ मध्ये महिला मल्लांसाठी वापरला जाणारा 'दिवा' हा शब्दच काढून टाकण्यात आला. पुढे ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी रियाधमध्ये या कंपनीची महिलांची पहिली लढत झाली. दोघी मल्ल पूर्ण अंग झाकणारा पोशाख घालून खेळल्या.

म्हणजे हॅशटॅग हे नुसते जाहिरातीचे साधन नाही. योग्य गोष्टीसाठी अनेकांनी एकत्र आवाज उठवला तर तो ऐकावा लागतो, एवढे त्यातून दिसले.

आपल्या मैदानातला प्रचार जुनाच

आपली कुस्ती प्रचारापासून अगदी सोवळी होती, असेही नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे केले. मधोमध लाल मातीचा हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक, त्यामुळे शेवटच्या माणसालाही डाव दिसतो. इमामबक्षसारखे मल्ल त्या काळात इथे लढले. पुढे पाकिस्तानचा सादिक पंजाबी गणपतराव आंदळकरांशी इथेच भिडला. त्या लढतींची वर्दी पत्रकांनी आणि भिंतीवरच्या जाहिरातींनी गावोगाव जात असे. मैदानात हलगी कडाडे, निवेदक जोडीचे, गावाचे आणि वस्तादाचे नाव पुकारे. तोही प्रचारच होता. पण तो कुस्ती सुरू होण्याआधी होई. सलामी झाली, खडाखडी सुरू झाली की मैदान श्वास रोखून बसे.

हळूहळू त्यात बदल झाला. पाहुण्यांचे सत्कार, देणगीदारांची नावे, कोणाकडून किती रुपयांचे इनाम हे सगळे कुस्ती चालू असतानाच ध्वनिक्षेपकावरून सांगितले जाऊ लागले. हौद्याभोवती फलक लागले. कट्ट्यावरचे एक वयस्क शौकीन हसत म्हणाले ते असे, की आमच्या वेळी पुढाऱ्याचा सत्कार आडवा यायचा, आता सबस्क्राईब आडवे येते, आडवे येणारा बदलला एवढेच. त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये झी टॉकीजवर 'महाराष्ट्र कुस्ती दंगल' ही लीग झाली, तेव्हा संघांची नावे, दिवे, संगीत, नट-नट्या हे सारे मातीतल्या खेळाभोवती आले. काहींना ते आवडले, काहींना कुस्तीपेक्षा रोषणाईच जास्त वाटली.

एक कुस्ती, हजारो पंच

खरा प्रश्न किती मोठा आहे, हे १४ जानेवारी २०२३ रोजी कळले. पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरीची स्पर्धा चालू होती. माती विभागाच्या अंतिम लढतीत आपल्या गंगावेस तालमीचा सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड समोरासमोर होते. सिकंदर मूळचा मोहोळचा, हमाली करणाऱ्या बापाचा मुलगा. महेंद्रने बाहेरची टांग मारली आणि पंचांनी त्याला चार गुण दिले. त्या डावात सिकंदर खरोखर धोक्याच्या स्थितीत गेला होता का, यावरून वाद पेटला. कुस्ती महेंद्रने जिंकली. त्या संध्याकाळी तो किताबाची लढत शिवराज राक्षेकडून हरला.

लढत घरोघर थेट दिसली होती. तेवढा काही सेकंदांचा तुकडा कापून, थांबवून, संथ करून रात्रभर फिरत राहिला. ज्यांनी जन्मात कधी लंगोट बांधला नाही, तेही गुण मोजू लागले. अन्याय झाला असे मनापासून वाटणारे पुष्कळ होते आणि त्यात सगळ्या जातिधर्मांचे लोक होते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. पण दुसऱ्या दिवसापर्यंत काही संदेशांत धर्म शिरला, काहींत जात शिरली. पंचांना फोनवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांत गेली. दोन गरीब घरांतली पोरे आणि एक पंच, यांच्यात घडलेल्या गोष्टीत सगळे राज्य दोन बाजूंना उभे राहिले.

सिकंदरने या वादाला उत्तर दिले ते मातीत. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला फुलगावच्या स्पर्धेत त्याने शिवराज राक्षेला अवघ्या काही सेकंदांत चितपट करून महाराष्ट्र केसरीची गदा घेतली. त्या निकालावर कोणाला संथ चित्रफीत पाहावी लागली नाही.

यातून सर्वांनी धडा घेतला असे मात्र झाले नाही. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरच्या स्पर्धेत गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला हरवले. निकाल मान्य नसल्याने राक्षेने पंचाला लाथ मारली. राक्षे आणि महेंद्र गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. कुस्ती कशी झाली हे फार थोड्यांना आठवते, लाथेची चित्रफीत मात्र सगळ्यांनी पाहिली. कुस्तीत दुसऱ्याला लोळवणारा नव्हे, तर रागाच्या वेळी स्वतःला आवरणारा खरा बलवान, या अर्थाची हदीस आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. ती मल्लांना लागू आहे, तशीच सोफ्यावर बसून बोटाने शिव्या टाइप करणाऱ्यांनाही लागू आहे.

पैलवानाची आणि बायकांची बाजू

एवढे वाचून कोणी म्हणेल, कॅमेरेच बंद करा. तसे करून चालणार नाही. तालमीतल्या पोराचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई, मटण. हा खर्च शेतमजुराच्या किंवा हमालाच्या घराला झेपत नाही. पैलवानाला मैदानाची बोलावणी येतात ती नावावर. पूर्वी नाव व्हायला वर्षे जात, आता एक चांगला घिस्सा, एक सुंदर झोळी मोबाइलवर पोहोचली की चार गावांचे पंच फोन करतात. मानधन वाढते. तालमीतल्या पोरांना हे नेमके माहीत आहे. फॉलोअर म्हणजे त्यांच्यासाठी मिरवणे नव्हे, खुराकाची सोय आहे.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली. मैदानात बायकांना जागा क्वचितच असे. आता स्वयंपाकघरातला ओटा आवरता आवरता आमच्या ओळखीच्या कितीतरी जणी थेट कुस्ती पाहतात आणि पट कसा काढला हे नवऱ्याला समजावून सांगतात. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा जिंकली. ती लढत पाहून किती मुलींनी आईकडे तालमीचा हट्ट धरला असेल, ते त्या घरांनाच ठाऊक. प्रक्षेपण नसते तर ही गदा त्यांना दिसलीच नसती.

म्हणून शौकिनांचे म्हणणे नीट ऐकले तर ते प्रचाराच्या विरुद्ध नाही. ते म्हणतात, कुस्तीच्या आधी सांगा, नंतर सांगा, दोन जोडींच्या मधे सांगा. पण पैलवान एकमेकांना भिडलेले असताना पडदा कुस्तीचाच राहू द्या. यात्रा समित्यांनी आणि थेट प्रक्षेपण करणाऱ्या मंडळींनी एवढे पाळले तरी पुष्कळ होईल.

घरात काय करता येईल

आपल्या हातात काय आहे, याचाही विचार करू या. मुलांबरोबर बसून कुस्ती पाहावी. अमेरिकेचा कार्यक्रम ठरवून केलेला असतो आणि तिथले डाव घरात गादीवर करून पाहायचे नसतात, हे लहानांना स्पष्ट सांगावे. वादाचा एखादा तुकडा आला की आधी पूर्ण कुस्ती शोधून पाहावी आणि गुणांचे नियम वाचावेत, मग मत द्यावे. ज्या संदेशात डावाऐवजी धर्म किंवा जात आली असेल, तो पुढे पाठवू नये, भले तो आपल्या बाजूचा असो. मुलाने पंचाला शिवी लिहिली तर तिथल्या तिथे थांबवावे. आणि शक्य असेल तेव्हा मुलाचा हात धरून एकदा तरी खासबागेत घेऊन जावे.

ज्या शहरात एकाच तालमीत गणपतीही बसतो आणि मोहरमचे पंजेही बसतात, तिथे पैलवानाची जात विचारायची रीत नव्हती. त्याचा वस्ताद कोण, एवढेच विचारले जाई. मोबाइल हातात आला म्हणून ती रीत सोडायचे काही कारण नाही.