उंदराची कवटी आणि व्हर्नियर कॅलिपर

व्हर्नियर कॅलिपरने नळकांड्याचा व्यास तुम्ही प्रयोगशाळेत मोजला असेल. त्याच उपकरणाने प्राणिशास्त्रज्ञ उंदरांच्या कवट्या मोजतात, असे सांगितले की वर्गात हशा पिकतो. पण हा हसण्याचा विषय नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढे १९०५ पासून चौकशी करणाऱ्या प्लेग आयोगाला आढळले की, साथ प्रथम गटारांतल्या तपकिरी उंदरांत, मग घरातल्या काळ्या उंदरांत आणि तेथून पिसवांमार्फत माणसांत येते. तेव्हा उंदीर कोणता, हे ठरवणे आलेच.

रंगावर विसंबू नका. 'काळा' उंदीर पुष्कळदा तपकिरीच असतो. त्याची शेपटी धडापेक्षा लांब असते, तपकिरी उंदराची आखूड. पण शेपटीच नसेल तर? गव्हाणी घुबड उंदीर अख्खा गिळते आणि न पचलेले केस व हाडे यांचा गोळा ओकून टाकते. अशा गोळ्यात हाती लागते ती कवटी. (ती हाताळल्यावर हात स्वच्छ धुवा!)

पूर्ण वाढलेल्या उंदराची कवटी वरून पाहा. छताच्या हाडांवर दोन्ही बाजूंना एकेक कंगोरा दिसेल. तपकिरी उंदरात हे कंगोरे जवळजवळ समांतर असतात, काळ्यात ते बाहेर फुगतात. आता छताच्या हाडाची कंगोऱ्यालगतची लांबी मोजा आणि दोन कंगोऱ्यांमधील जास्तीत जास्त अंतर मोजा. दोन्ही मापे जवळपास सारखी आली तर उंदीर तपकिरी. लांबी अंतरापेक्षा स्पष्टपणे कमी भरली तर काळा. येथे नुसत्या मिलिमीटरांना महत्त्व नाही, महत्त्व आहे गुणोत्तराला.

याचे कारण उघड आहे. कवटी वयाबरोबर वाढते, म्हणून लहान कवटी म्हणजे लहान जात असे नव्हे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात. दाढा मात्र एकदा पुऱ्या उगवल्या की वाढत नाहीत, फक्त झिजतात. म्हणून दाढांच्या ओळीची लांबी हे भरवशाचे माप, आणि दाढा किती झिजल्या यावरून वयाचा अंदाज.

उपजातींचे प्रकरण अधिक नाजूक. १९११ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली आणि देशभरातून कातडी व कवट्या जमवल्या. त्यांवरून काळ्या उंदराच्या अनेक उपजाती मांडल्या गेल्या. पण उपजातींमधला फरक बहुधा सरासरीचा असतो. एकीची मोठी कवटी दुसरीच्या लहान कवटीपेक्षा मोठी निघते. एका कवटीवरून निकाल देऊ नये, पुष्कळ मोजाव्यात. शिवाय तीच कवटी तीनदा मोजा. तुमच्याच वाचनांत जेवढा फरक पडतो, तेवढाच दोन उपजातींत असेल, तर ती उपजात कॅलिपरने जन्माला घातली म्हणायची!

काही वेळा कॅलिपर हात टेकतो. दक्षिण भारतातील काळ्या उंदराच्या पेशीत ३८ गुणसूत्रे असतात, पूर्व आशियातील त्याच्या भाऊबंदाच्या पेशीत ४२. दोघांच्या कवट्या शेजारी ठेवल्या तर जाणकारही गोंधळतात. हा ४२ गुणसूत्रांचा उंदीर आज 'रॅटस टॅनेझुमी' या स्वतंत्र नावाने ओळखला जातो.