दमा आणि शरीराचे वजन

यंत्रमागावरील कापसाची धूळ व विडीच्या तंबाखूची भुकटी ही सोलापूरकरांना श्वसनविकारांची परिचित कारणे होत. प्रौढांच्या दम्यात वाढलेल्या वजनाचाही वाटा असतो, याकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. पोटावरील चरबी श्वासपटलास वर ढकलते. फुप्फुसांस पुरेसे फुलता येत नाही व श्वासनलिका अरुंद राहतात. शिवाय चरबीच्या पेशींतून दाह वाढविणारी द्रव्ये स्रवतात आणि श्वासावाटे घ्यावयाची स्टिरॉइड औषधे काहीशी कमी परिणामकारक ठरतात. धाप लागते म्हणून रुग्ण चालणे सोडतो, वजन वाढते आणि धाप अधिकच लागते.

हे दुष्टचक्र भेदता येते. वजन ५ ते १० टक्के, म्हणजे ८० किलोच्या स्थूल रुग्णाचे ४ ते ८ किलो, घटले तरी दमा आटोक्यात येण्यास मदत होते. धाप दम्याची की केवळ स्थूलतेची, हे ठरविण्यास स्पायरोमेट्री तपासणी उपयोगी पडते. वजन घटले तरी वैद्यकीय सल्ल्याविना इनहेलर थांबवू नये. कुटुंबीयांनी रुग्णास दोष न देता आहारातील तेल-साखर सर्वांसाठीच कमी करावी व सायंकाळी त्याच्यासोबत चालावे, ही आमची विनंती.