कासेतील पेशी व छुपी दगडी

गाईची कास सुजली, सड गरम लागू लागले व धारेत गुठळ्या आल्या, की दगडी झाल्याचे शेतकऱ्याच्या तत्काळ ध्यानी येते. परंतु कासदाहाचा हा विकार पुष्कळदा डोळ्यांना दिसतच नाही. कास निरोगी भासते, दूधही पांढरे असते. मात्र ते हळूहळू कमी होत जाते. याचा उलगडा कासेतील पेशींच्या अभ्यासाने झाला आहे.

कासेत अतिसूक्ष्म पिशव्या असून त्यांच्या अस्तराच्या पेशी दूध तयार करतात. पेशीने कोणते प्रथिन बनवावे, याच्या आज्ञा तिच्यातील जनुकांत साठविलेल्या असतात. गाईच्या जनुकांचा आराखडा २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यांची संख्या सुमारे २२ हजार आहे. ही सर्व जनुके एकाच वेळी कार्यरत नसतात. निरोगी कासेत केसीन हे दुधातील मुख्य प्रथिन व दुग्धशर्करा यांसंबंधीची जनुके जोमाने काम करतात.

सडाच्या छिद्रातून जंतू आत शिरले, की काही तासांतच हे चित्र पालटते. रक्तातील पांढऱ्या पेशींना पाचारण करणारी व जंतुनाशक प्रथिने बनविणारी जनुके जागी होतात. त्याच वेळी दूध बनविणाऱ्या जनुकांचे काम मंदावते. दूध घटण्याचे हे एक कारण होय.

मात्र सर्व जंतूंविरुद्ध होणारा प्रतिकार सारखा नसतो. शेणातून येणाऱ्या ‘एश्चेरिशिया कोलाय’ जंतूविरुद्ध ही जनुके झपाट्याने जागी होतात. म्हणून सूज व ताप लवकर दिसतो. ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ जंतूविरुद्ध प्रतिकार दुबळा पडतो. हा जंतू कासेत ठाण मांडतो व धारेच्या वेळी एका गाईकडून दुसरीकडे पसरतो. सूज नाही म्हणून रोग नाही, असे मानणे यास्तव घातक आहे.

छुपा रोग ओळखण्यास १९५७ साली पुढे आलेली कॅलिफोर्निया चाचणी आजही उपयोगी पडते. चारही सडांचे दूध निरनिराळ्या कप्प्यांत घेऊन त्यात तितकेच चाचणीचे द्रावण मिसळतात. त्यामुळे दुधात उतरलेल्या पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांतील जनुकद्रव्य बाहेर पडते व मिश्रण बुळबुळीत, घट्ट होते. घट्टपणा जितका अधिक, तितका दाह अधिक समजावा.

शेतकरी बंधूंनी धारेपूर्वी हात व सड धुऊन कोरडे करावेत. धारेनंतर सड जंतुनाशक द्रावणात बुडवावेत. सडाचे छिद्र मिटेपर्यंत, म्हणजे निदान अर्धा तास, गाय बसू नये म्हणून तिच्यापुढे वैरण टाकावी. रोगी गाईची धार सर्वांत शेवटी काढावी. औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे व त्यांनी सांगितलेली मुदत संपेपर्यंत ते दूध विकू नये.

ग्रामसेवकांनी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने गावातील दुभत्या गाईंची ही चाचणी वेळोवेळी घडवून आणावी. कास दगडासारखी होण्याची वाट न पाहता रोग हुडकला, तरच सड व दूध दोन्ही वाचतील.