धावत्या आज्ञावलीचे भाषांतर : सोय आणि किंमत

संगणकाला आज्ञावली दोन रीतींनी समजावून देता येते. पहिली रीत दुभाष्याची : वाक्य ऐकावे आणि लागलीच त्याचा अर्थ सांगावा. दुसरी भाषांतरकाराची : सर्व मजकूर आधी यंत्रभाषेत उतरवावा. पहिल्या साधनास इंटरप्रिटर व दुसऱ्यास कंपायलर म्हणतात. जस्ट-इन-टाइम कंपायलर या दोहोंचा मेळ घालतो. आज्ञावली चालू असतानाच तो तिचे भाषांतर करतो. पेच उद्भवतो तो येथेच. भाषांतर जितके कसून करावे तितका वेळ अधिक लागतो, आणि हा वेळ आज्ञावलीच्या आयुष्यातूनच खर्ची पडतो.

जावा भाषेसाठी १९९९ साली प्रसिद्ध झालेली हॉटस्पॉट ही प्रणाली या दृष्टीने उद्बोधक आहे. तीत दोन कंपायलर आहेत : सी-वन त्वरित काम करणारा, सी-टू सावकाश परंतु कसून करणारा. २०१४ च्या जावा ८ पासून दोहोंचा क्रमाने उपयोग करणे हीच प्रमाण पद्धत झाली. प्रत्येक मेथडचा आरंभ इंटरप्रिटरमध्ये होतो. साधारणतः २०० वेळा ती बोलावली गेली म्हणजे सी-वन तिचे भाषांतर करतो आणि त्यात मोजणीची सोय ठेवतो : कोणती शाखा वारंवार घेतली जाते, कोणत्या प्रकारची मूल्ये येतात. सुमारे ५,००० वेळांनंतर सी-टू या नोंदींच्या आधारे अनुमाने बांधतो. अनुमान चुकल्यास ते भाषांतर रद्द होऊन काम पुन्हा इंटरप्रिटरकडे जाते.

या पायऱ्या वापरणाऱ्यास बदलता येतात. 'टियर्डस्टॉपॲटलेव्हल' हे मूल्य १ ठेवले असता सी-टू वगळला जातो. काही क्षणांत संपणाऱ्या आज्ञावलीस हे बहुधा हितावह ठरते. दिवसचे दिवस चालणाऱ्या सर्व्हरला मात्र त्यामुळे सी-टूच्या वेगास कायमचे मुकावे लागते. लहान मेथडचा मजकूर तिला बोलावणाऱ्या मेथडमध्येच सामावून घेण्याची मर्यादा मुळात ३५ बाइट, वारंवार चालणाऱ्या मेथडसाठी ३२५ बाइट आहे. ती वाढविल्यास बोलावण्याचा खर्च वाचतो, परंतु यंत्रभाषेतील मजकूर फुगतो आणि भाषांतर लांबते.

सारांश, 'सर्वोत्तम' मूल्य स्वतंत्रपणे अस्तित्वात नसते. आज्ञावली किती काळ चालणार, यावर ते अवलंबून असते. म्हणून मूळची मूल्ये बदलण्यापूर्वी मोजमाप अवश्य करावे, आणि दीर्घकाळ चालणाऱ्या आज्ञावलीच्या बाबतीत आरंभीच्या धावा हिशेबातून वगळाव्यात. अन्यथा मोजला जातो तो आज्ञावलीचा वेग नव्हे, भाषांतरकाराचा.