माऊस पॅड घ्यावा की नाही, हे टेबल ठरवतं

झाशीच्या सीपरी बाजारात नवा माऊस घेतला की बिल करता करता दुकानदार हमखास विचारतो, "साथ में पैड भी दे दें?" प्रश्न शंभर-दीडशे रुपयांचा असतो, म्हणून कुणी फारसा विचार न करता हो म्हणतं. "आजकालच्या माऊसला पॅड लागत नाही" हे कुठंतरी कानावर पडलेलं असतं, म्हणून दुसरं कुणी तितक्याच सहज नको म्हणतं. दोघांचीही माहिती अर्धवट असते. पॅड लागतो की नाही, हे माऊस नवा की जुना, स्वस्त की महाग यावर सहसा ठरत नाही. तो कशावर फिरतो यावर ठरतं. आणि झाशीत तो फार वेळा काचेवर फिरत असतो.

ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांतच बघा. बुंदेलखंड विद्यापीठाचे प्रवेश, रेल्वे भरती, शिष्यवृत्ती, जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले, सगळं अशाच दुकानांत भरलं जातं. समोर काचेचा काउंटर असतो, त्यात फायली, पेनं, लॅमिनेशनची पाकिटं मांडलेली असतात आणि वर कीबोर्ड, माऊस. मुलगा जन्मतारीख सांगतो, चालक यादीतून वर्ष निवडायला जातो, बाण अडखळतो, मग एकदम उडी मारतो आणि २००६ ऐवजी दुसऱ्याच वर्षावर क्लिक पडतं. लक्षात आलं तर ठीक. नाही आलं, तर कागदपत्रं तपासताना तो मुलगा अडकतो आणि एका आकड्यासाठी त्याला किती खेटे घालावे लागतील, सांगता येत नाही. म्हणून हा विषय किरकोळ म्हणून सोडून द्यावा असं मला वाटत नाही.

"ऑप्टिकल माऊस कुठंही चालतो"

हा सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज, आणि तो का खोटा आहे हे कळायला माऊस उलटा करून बघावा. पोटाशी एक छोटं भोक असतं. त्यात एक दिवा असतो आणि भिंगामागे एक चिमुकला कॅमेरा. दिव्याचा प्रकाश पृष्ठभागावर तिरका पडतो. लाकूड, कापड, कागद, सनमायका, आपल्याला गुळगुळीत वाटणारं काहीही घ्या. त्यावर बारीक उंचसखलपणा असतो आणि तिरक्या प्रकाशात त्याच्या सावल्या पडतात. कॅमेरा त्या सावल्यांचे फोटो सेकंदाला हजारोंच्या संख्येनं काढतो, एक फोटो आधीच्या फोटोशी ताडून बघतो, आणि खुणा किती व कुठल्या दिशेला सरकल्या त्यावरून हात किती हलला हे ठरवतो. मायक्रोसॉफ्टनं १९९९ साली असा माऊस बाजारात आणला, तेव्हा तो सेकंदाला १,५०० फोटो काढत होता. आजचे माऊस त्याहून बरेच जास्त काढतात, पण तत्त्व तेच आहे.

आता हा माऊस स्वच्छ काचेवर ठेवा. प्रकाश काचेतून आरपार खाली जातो. वर खुणाच नाहीत, तर फोटोत येणार काय? काचेखाली फायली दिसतात खऱ्या, पण या कॅमेऱ्याचं भिंग जेमतेम काही मिलिमीटरवरचं स्पष्ट बघायला बनवलेलं असतं. वीतभर खालची फाईल त्याच्या दृष्टीनं नाहीच. आरशासारख्या चकचकीत पृष्ठभागावर अडचण वेगळी असते. तिथं प्रकाश एकाच दिशेनं परावर्तित होऊन निघून जातो आणि सावल्या पडतच नाहीत. काचेवर हातांचे ठसे नि धूळ असेल तर माऊस कसाबसा चालतो, म्हणून कधी कधी सकाळी काउंटर पुसल्यावर तो जास्त अडखळतो. तेवढ्यावरून माऊस खराब झाला असं समजून नवा आणणारे लोक आहेत. नवाही तिथं तसाच वागतो.

काचेवर चालणारे माऊस असतात, हेही सांगायला हवं. लॉजिटेकनं २००९ मध्ये 'डार्कफील्ड' नावाचं तंत्र आणलं. काचेवरचे डोळ्यांना न दिसणारे कण आणि ओरखडे टिपून ते चालतं, मात्र काच किमान ४ मिलिमीटर जाडीची असावी लागते. असे माऊस साध्या माऊसपेक्षा कितीतरी महाग असतात. त्यासाठी एवढे पैसे घालण्यापेक्षा शंभर रुपयांचा पॅड काचेवर टाकणं शहाणपणाचं.

घरातही हीच अडचण येते. झाशीच्या नेवाळकर राजघराण्याच्या अमदानीत इकडं आलेल्या मराठी घराण्यांपैकी काही अजून झाशीत नांदताहेत. त्यांचं घर असो की शेजारचं बुंदेली घर, संगणकासाठी वेगळं टेबल सगळ्यांकडे नसतं. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर येतो आणि त्या टेबलावर काच असते, नाहीतर पारदर्शक प्लास्टिक. मग माऊस वहीच्या पुठ्ठ्यावर फिरवला जातो. हा उपाय अगदी योग्य आहे, त्यात ओशाळण्यासारखं काही नाही.

"पॅड ही बॉलच्या माऊसच्या जमान्यातली गोष्ट"

यात निम्मं खरं आहे. डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेतून १९६४ मध्ये बनलेला पहिला माऊस लाकडी खोक्याचा होता आणि त्याच्या तळाशी एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाकं होती. बॉल नंतर आला. रबरी आवरणाची ती जड गोळी टेबलावर लोळायची आणि आतले दोन रूळ फिरवायची. गुळगुळीत टेबलावर ती घसरायची, म्हणून तिला पकड देणारा, वर कापड नि खाली रबर असलेला पॅड घरोघरी आला. ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांना आठवेल: तळाची चकती फिरवून बॉल बाहेर काढायचा आणि रुळांवर बसलेली काळी मळाची पट्टी नखानं खरवडायची. ती निघाली की माऊस नव्यासारखा चालायचा.

बॉल गेला आणि पॅडची ती गरजही गेली, इथवर म्हणणं बरोबर आहे. पण प्रकाशावर चालणारा माऊस पॅडशिवाय जन्मला, असं मात्र नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्टीव्ह कर्श यांनी बनवलेला ऑप्टिकल माऊस जाळीसारख्या रेघा छापलेल्या खास धातूच्या पॅडवरच चालायचा. उभ्या रेघा एका रंगाच्या, आडव्या दुसऱ्या. तो पॅड आडवा ठेवला तर हिशेब चुकायचा. कुठल्याही पृष्ठभागाच्या खुणा वाचणारा माऊस १९९९ नंतर सर्वसामान्यांच्या हाती आला. म्हणजे बॉलला पकडीसाठी पॅड लागत होता, कॅमेऱ्याला खुणांसाठी लागतो. ज्या टेबलावर खुणा आहेत तिथं तो अजिबात लागत नाही. साधं लाकडी टेबल, खरखरीत सनमायका, सरकारी कचेरीतलं रेक्झिन लावलेलं टेबल यांवर माऊस मजेत चालतो. तिथं पॅड घेतलात तर फक्त जागा अडते.

तुमचं टेबल कुठल्या गटातलं, हे ठरवायला दुकानात जायची गरज नाही. माऊसखाली एक कोरा कागद ठेवा, चारी कोपरे चिकटपट्टीनं चिकटवा आणि दिवसभर नेहमीचं काम करा. बाण अडखळायचा थांबला, तर दोष टेबलाचा होता, पॅड घ्या. काहीच फरक पडला नाही, तर पैसे वाचले. दुकानदाराला विचारण्यापेक्षा ही परीक्षा जास्त भरवशाची आहे.

"जेलची उशी असलेला पॅड घेतला की मनगट दुखत नाही"

या समजुतीबद्दल मला खरी काळजी वाटते, कारण इथं पैशाबरोबर हातही पणाला लागतो. मनगटाच्या आठ हाडांची कमान आणि तिच्यावर ताणलेला अस्थिबंध यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक महत्त्वाची नस जाते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची संवेदना याच नसेकडे असते. बोगद्यात दाब वाढला की ती नस चेपते आणि बोटांना मुंग्या येतात. आता जेलची उशी नेमकी कुठं लागते ते बघा. माऊस हलवताना मनगटाची खालची बाजू तिच्यावर टेकून राहिली, तर आधार म्हणून घेतलेली वस्तू बोगद्यावर बाहेरून दाब देते. शिवाय मनगट एका जागी रुतलं की सगळी हालचाल मनगटातून डावी-उजवीकडे होते, आणि तेच टाळायला हवं. उशी वापरायचीच तर तळव्याचा मनगटाजवळचा मांसल भाग तिच्यावर टेकावा, आणि तोही हात थांबलेला असताना.

माऊस वापरताना या बोगद्यात दाब किती असतो, हे प्रत्यक्ष मोजलं गेलंय. कीर, बाख आणि रेम्पेल या संशोधकांनी १९९९ मध्ये निरोगी माणसांच्या मनगटात बारीक नळी घालून ते पाहिलं. हात माऊसवर नुसता ठेवला होता तेव्हापेक्षा माऊसनं स्क्रीनवरची एखादी गोष्ट पकडून ओढताना दाब बराच जास्त होता, आणि माऊसचा आकार बदलून त्यात फरक पडला नाही. म्हणजे वस्तू बदलण्यापेक्षा काम कसं नि किती सलग करतो याला महत्त्व आहे. कोपर शरीराजवळ, माऊस कीबोर्डला लागून, हालचाल खांद्यापासून आणि मध्ये मध्ये हात सोडून देणं, हे सगळं फुकट आहे.

काउंटरवाल्यांची आणखी एक अडचण असते. काउंटर उंच, स्टूल बुटकं, आणि काचेची किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीची कड तासन् तास बाहूच्या खालच्या बाजूला रुतत असते. संध्याकाळी तिथं लाल वळ दिसतो. यावर पॅड उपयोगी पडतो, पण तो कडेवरून पुढं येणारा मोठा कापडी पॅड असायला हवा, नाहीतर घडी घातलेला टॉवेल. उंच स्टूल मिळालं तर त्याहून उत्तम. आणि रात्री झोपेत बोटं बधिर होत असतील तर पॅड बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. मधुमेह, थायरॉइडचा विकार, गरोदरपण यांतही ही नस चेपली जाऊ शकते.

"बाण आपोआप हलतो, म्हणजे व्हायरस"

बहुतेक वेळा नसतो. झाशीत मे-जूनमध्ये लू सुरू झाली की दारं-खिडक्या बंद करूनही टेबलावर धूळ बसते. आजूबाजूच्या दगडखाणी आणि क्रशर तीत भर घालतात. माऊसच्या पोटातल्या भोकात एखादा केस किंवा कापडाचा धागा अडकला, की कॅमेऱ्यासमोर तो थरथरतो आणि स्क्रीनवर बाण थरथरतो. माऊस बंद करून कोरड्या, मऊ ब्रशनं किंवा कान साफ करायच्या कापसाच्या काडीनं भोक साफ करा. तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांवर मळाची रेघ जमली असेल तर तीही पुसा, नाहीतर उत्तम पॅडवरही माऊस खरखरत चालेल. पोटातला लाल दिवा दिसत नाही म्हणून माऊस मेला असंही समजू नका. बऱ्याच वायरलेस माऊसमध्ये डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश असतो.

पॅडमुळे माऊसचा वेग वाढतो, असंही ऐकायला मिळतं. बाणाचा वेग माऊसवर आणि संगणकाच्या सेटिंगवर ठरतो. पॅडमुळे फक्त घर्षण बदलतं. संगणकावर नेमबाजीचे गेम खेळणारी मुलं वेग मुद्दाम कमी ठेवून अख्खा हात फिरवतात, त्यांना मोठा पॅड खरंच लागतो. लग्नाचे अल्बम बनवणाऱ्या स्टुडिओत फोटोतला माणूस कडेकडेनं कापून काढणाऱ्यालाही एकसारखी पकड देणाऱ्या कापडाचा फायदा होतो. पॅडला लावलेल्या रंगीत दिव्यांच्या पट्टीनं यातलं काहीच होत नाही.

घ्यायचाच असेल तर विणलेलं कापड, खाली न घसरणारं रबर आणि शिवलेल्या कडा एवढं बघा. कडा शिवलेल्या नसल्या तर कापड लवकर सुटतं. चकचकीत प्लास्टिकचा, मोठं चित्र छापलेला पॅड घेऊ नका, त्यावर काचेसारखाच त्रास होऊ शकतो. उन्हाळ्यात तळव्याला घाम येतो आणि कापड मळून गुळगुळीत होतं. तेव्हा कोमट पाण्यात थोडी साबणपूड घालून हातानं धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत सपाट वाळू द्या. झाशीच्या उन्हात गच्चीवर टाकलात तर रबर कडक होऊन कडा वर वळतात.